हेडलाइट घासून चकचकीत होतात, पण काही महिन्यांत पुन्हा पिवळे का पडतात?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: गाडी २०११ सालची हॅचबॅक आहे, दोन्ही हेडलाइट पिवळे आणि धुरकट झाले आहेत, आणि गेल्या दीड वर्षात आपण ते दोनदा पैसे देऊन साफ करून घेतले. पहिल्यांदा कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) लावून मशीनने घासले, ते चार महिने टिकले. दुसऱ्यांदा रसायनाची वाफ दिली, ते जेमतेम अडीच महिने टिकले. नोकरीमुळे रोज रात्री मोहोळहून सोलापूरला परतावे लागते, डिपरवर (खाली झुकलेल्या झोतावर) समोरचे नीट दिसत नाही, तेव्हा नेमके कोणते पॉलिश वापरावे, असा आपला प्रश्न आहे.

मी सोलापुरात अठरा वर्षे गाड्यांच्या रंगकामाचा आणि हेडलाइट दुरुस्तीचा व्यवसाय करतो. पॉलिश कोणते, या प्रश्नाचे उत्तर मी शेवटाकडे देईन, कारण आपल्या अडचणीत पॉलिशचा वाटा फार थोडा आहे. पहिले काम चार महिने टिकले आणि दुसरे अडीचच महिने, या दोन आकड्यांतच खरे कारण दडलेले आहे. दिवा स्वच्छ होत नाही अशी आपली तक्रार नाही, कारण दोन्ही वेळा तो स्वच्छ झाला होता. स्वच्छ झाल्यानंतर त्याच्यावर कोणतेही संरक्षण उरले नाही, आणि उघड्या प्लॅस्टिकने सोलापूरचे ऊन जितके सोसता आले तितके सोसले, एवढेच घडले आहे.

हे नीट समजण्यासाठी आपण ज्याला सवयीने हेडलाइटची काच म्हणतो ती काय वस्तू आहे, हे पाहावे लागेल. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना खरोखरच काच असे, आणि ती कधीच पिवळी पडत नसे. दगड लागला तर फुटत असे, एवढाच तिचा दोष. पुढे दिव्यांचे आकार बदलले, वजन कमी करण्याची गरज आली आणि काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक आले. ते हलके असते, हव्या त्या आकारात ओतता येते आणि दगडाचा मार काचेपेक्षा कितीतरी चांगला सोसते. परंतु त्याच्यात दोन उणिवा आहेत: त्याच्यावर ओरखडे लवकर उठतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी त्याचा पृष्ठभाग कुजत जातो. म्हणून कारखान्यातच त्याच्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. हा थर मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचाही तो एक लहानसा अंशच असतो. पण गाडीची पहिली सात-आठ वर्षे दिवा स्वच्छ राहतो तो केवळ याच थरामुळे.

कालांतराने ऊन, धूळ आणि समोरून उडणारी खडी यांनी हा थर झिजतो, कुठे सुटतो, कुठे पिवळा होतो आणि त्याच्या खालचे पॉलिकार्बोनेट उन्हाला उघडे पडते. आपल्या दिव्यावर पहिल्यांदा कंपाउंड फिरवले गेले तेव्हा पिवळेपणाबरोबर उरलासुरला थरही निघून गेला. त्यानंतरचे चार महिने आपण पाहिले ते उघडे पॉलिकार्बोनेट होते. दुसऱ्यांदा वाफ दिली तेव्हा रक्षण करणारे काही शिल्लकच नव्हते, त्यामुळे तो काळ आणखी कमी झाला. तिसऱ्यांदा पुन्हा नुसतेच घासून घेतले, तर याहून अधिक काळ टिकण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

अर्थात पुढचे सारे एका गोष्टीवर अवलंबून आहे: खराबी नेमकी कुठे आहे? दिवा मंद दिसण्याची किमान चार वेगवेगळी कारणे असतात आणि घासून त्यांतले एकच दूर होते. माझ्याकडे गाडी आली की मी घासायचा पॉलिशपेपर हातात घेण्याआधी पाण्याचा मग घेतो. धूळ धुऊन काढल्यावर दिव्यावर स्वच्छ पाणी ओततो आणि पाण्याचा पडदा ओघळत असतानाच आतला रिफ्लेक्टर (प्रकाश पुढे फेकणारा चंदेरी आरसा) किती स्पष्ट दिसतो, ते पाहतो. पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे धुरकटपणा आला असेल, तर पाणी त्या खाचा भरते आणि दोन-तीन सेकंद दिवा जवळजवळ नव्यासारखा दिसतो. पाणी ओघळून गेले की तो पुन्हा मलूल होतो. असे दिसले की ते काम हमखास होणारे आहे. ओला असतानाही स्वच्छ पण पिवळा दिसत असेल, तर कुजलेला थर थोडा खोल गेला आहे, म्हणजे अधिक खरखरीत पेपरपासून सुरुवात करावी लागेल. आणि ओला केल्यावरही काहीच फरक पडला नाही, तर दोष बहुधा आतल्या बाजूला आहे, आणि बाहेरून कितीही घासले तरी त्याचा उपयोग नाही.

दुसरी तपासणी रात्री करावी. अंधारात डिपर लावून दिव्याच्या अगदी बाजूने, तिरप्या नजरेने पाहावे. प्लॅस्टिकच्या जाडीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा चमकताना दिसल्या, तर त्या आतपर्यंत गेलेल्या चिरा आहेत. त्या घासून निघत नाहीत. उलट वरचा थर गेल्यावर अधिक उठून दिसतात. आपल्या दिव्यांना वाफ दिली गेली आहे, म्हणून ही तपासणी आपण विशेष काळजीने करावी, असे मी सांगेन. त्याचे कारण पुढे येईलच.

तिसरी गोष्ट रिफ्लेक्टर. मागचे रबरी झाकण काढून बल्ब बाहेर घ्यावा, त्याच्या काचेला बोट लागू देऊ नये, आणि त्या भोकातून टॉर्च मारून आत पाहावे. रिफ्लेक्टरवरचा चंदेरी मुलामा काळवंडला किंवा सोलला असेल, तर तो दिवा संपला आहे. पुष्कळ लोक जास्त उजेडासाठी ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब लावतात आणि त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो, मुलामा जळतो. रिफ्लेक्टर आतून फडक्याने पुसण्याचा मोह मात्र कधीही करू नये, कारण तो मुलामा इतका नाजूक असतो की फडक्याबरोबर तोच निघून येतो.

आणखी एक साधे निरीक्षण सांगतो. दोन दिव्यांपैकी एक जास्त पिवळा असेल, तर गाडी रोज कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभी असते, ते आठवून पाहा. होटगी रस्त्यावरच्या एका वसाहतीतील गाडी माझ्याकडे आली होती. तिचा डावा दिवा अक्षरशः ताकासारखा दिसत होता आणि उजव्यावर नुसती पिवळसर झाक होती. मालकांना वाटत होते की डावा दिवा कधीतरी बदलला असावा आणि तो डुप्लिकेट निघाला असावा. मी विचारपूस केली तेव्हा कळले की गाडी अकरा वर्षे एकाच जागी, पश्चिमेकडे तोंड करून उभी राहत होती आणि उजवी बाजू कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत असे. दुपारी दोन ते सहा हे चार तास फक्त डाव्या दिव्याच्या वाट्याला येत होते. दोन्ही दिवे मूळचेच होते.

आता काय करू नये, ते सांगतो, कारण झालेले बरेचसे नुकसान भरून निघत नाही.

टूथपेस्टने घासले तर चमक येते, कारण तिच्यात बारीक घासणारी पूड असते. त्याने दिव्याचे फारसे बिघडत नाही, पण काही आठवड्यांपलीकडे ते टिकतही नाही. रॉकेल, तेल किंवा डास पळवणारा फवारा यांनी येणारी चमक मात्र फसवी असते. तेलाने खाचा तात्पुरत्या भरतात, म्हणजे पाण्याच्या परीक्षेत जे दिसले तेच काही दिवस दिसत राहते. आणि डासांच्या काही फवाऱ्यांमधील रसायन तर प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते.

थिनर, पेट्रोल आणि ॲसिटोन यांच्याविषयी मी माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगतो. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका वृद्ध गृहस्थांच्या गाडीचा दिवा मी मन लावून तयार केला होता. क्लिअर, म्हणजे वरून फवारायचा पारदर्शक थर, मारण्यापूर्वी पत्र्यावरचे तेलकट डाग ज्या थिनरने पुसतो, त्याच थिनरचे फडके सवयीने दिव्यावर फिरवले. मिनिटाभरात एका कोपऱ्यातून, जिथे स्क्रूचा ताण येतो तिथून, केसाएवढ्या बारीक रेषा पसरत मध्यापर्यंत आल्या. आवाज नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत दिवा गेला. त्यांना मी नवा दिवा आणून दिला आणि त्या दिवसापासून माझ्या कामाच्या टेबलावर प्लॅस्टिकसाठी फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. साचातून निघालेल्या पॉलिकार्बोनेटमध्ये मुळातच आतून ताण असतो आणि असे द्रावक त्या ताणाच्या जागी शिरून त्याला चिरते, हे मला नंतर कळले.

वाफ देण्याच्या पद्धतीवरचा आक्षेपही इथेच येतो. विजेवर तापणाऱ्या कपात जे द्रव घालतात, ते बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मसारखे क्लोरीनयुक्त द्रावक असते. त्याची वाफ पृष्ठभाग किंचित विरघळवते, खाचा बुजतात आणि मिनिटभरात दिवा आरशासारखा होतो. पाहणाऱ्याला ती जादूच वाटते. पण तिथे नवे संरक्षण काहीच चढलेले नसते; जुनेच प्लॅस्टिक वितळून सपाट झालेले असते आणि द्रावकाचा अंश आत राहून पुढे चिरा पडण्याची शक्यता वाढलेली असते. शिवाय बंद गाळ्यात ही वाफ श्वासावाटे घेणे करणाऱ्याला अतिशय घातक आहे; डायक्लोरोमिथेन शरीरात गेले की त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करणारी तरुण मुले मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला खरोखर काळजी वाटते. आपण पुन्हा वाफ देऊन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. घासण्यासाठी पाण्यातला पेपर वापरायचा, कोरडा नाही. आजूबाजूच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत, कारण बोनेटच्या कडेला पेपर एकदा लागला की रंगकाम वेगळे निघते. कोणत्या नंबरपासून सुरुवात करावी, हे दिव्याच्या अवस्थेवर ठरते; नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत. मूळचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा तुकड्या-तुकड्यांनी सुटत असेल, तर ६०० नंबरपासून सुरुवात करून तो पूर्ण काढावाच लागतो. अर्धवट राहिला तर त्याच्या कडा शेवटपर्यंत नकाशासारख्या दिसत राहतात. आपल्या दिव्यावरचा थर बहुधा आधीच गेलेला आहे, त्यामुळे ८०० पुरेसा व्हावा. पुढे १०००, १५००, २००० असे चढत जायचे; मात्र वर क्लिअर मारायचा असेल, तर १००० किंवा १५०० वरच थांबायचे, ते पुढे सांगतो.

या टप्प्यात दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. पहिली खूण पाण्याच्या रंगाची. सुरुवातीला पेपराखालून ओघळणारे पाणी पिवळसर आणि किंचित चिकट असते. कुजलेला थर संपून चांगले प्लॅस्टिक लागले की ते दुधासारखे पांढरे होते. पिवळे पाणी येत असेपर्यंत पुढच्या नंबरकडे जाऊ नये. दुसरी खूण दिशेची. ८०० आडवा फिरवला असेल, तर १००० उभा फिरवावा, १५०० पुन्हा आडवा. म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे-उभे ओळखू येतात आणि ते सगळे जाईपर्यंत आपण थांबत नाही. बहुतेक बिघडलेल्या कामांत चूक इथेच झालेली असते. घाईने १५०० वरून थेट पॉलिशवर गेले की दिवसा सगळे छान दिसते आणि रात्री बल्ब लागला की प्रत्येक रेघ उजळते. २००० झाल्यावर दिवा सगळीकडे सारखा, दाट धुक्यासारखा दिसला पाहिजे. त्या वेळी तो आधीपेक्षा वाईट दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरण्याचे कारण नसते.

पाण्याविषयी मुद्दाम सांगतो, कारण हा आपल्या शहराचा विषय आहे. आपल्याकडे नळाचे पाणी आपण पिंपात, टाकीत साठवतो. त्या पिंपाच्या तळाशी बसलेली रेती डोळ्यांना दिसत नाही, पण पेपर बुडवताना तिचा एक कण जरी पेपराखाली आला, तरी २००० नंबरच्या गुळगुळीत कामावर अर्धा वीत लांबीची खोल रेघ उठते आणि मग पुन्हा ८०० पासून सुरुवात करावी लागते. बोअरचे पाणी जड असते; ते वाळले की पांढरे ठिपके उरतात. म्हणून १५०० पासून पुढे मी पिण्याचे गाळलेले पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून, फवाऱ्याच्या बाटलीतून वापरतो. बादलीत पेपर बुडवत नाही. एका जोडीला दोन लिटर पाणी पुरते. पुसण्यासाठी आपला सोलापुरी टॉवेल सुरुवातीच्या टप्प्यांत उत्तम, तो पाणी भरपूर पितो. परंतु शेवटच्या टप्प्यांत त्याच्या फासांमध्ये अडकलेली धूळ दगा देते, तिथे स्वच्छ मायक्रोफायबरच घ्यावा.

यानंतर पॉलिश करावे की नाही, हे वर काय चढवायचे आहे त्यावर ठरते, आणि नेमके हेच बहुतेकांना ठाऊक नसते. हार्डनर (घट्ट करणारे रसायन) घालून मारायचा टू-के क्लिअर चढवायचा असेल, तर पॉलिश अजिबात करू नये. क्लिअरला धरायला बारीक खडबडीतपणा लागतो. १००० किंवा १५०० वर थांबलेल्या पृष्ठभागावर तो घट्ट बसतो, त्या बारीक खाचा स्वतः भरतो आणि दिवा काचेसारखा पारदर्शक होतो. आरशासारख्या पॉलिश केलेल्या दिव्यावर मारलेला क्लिअर पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात पापडासारखा सुटतो. याउलट फडक्याने लावायचे सीलंट किंवा पारदर्शक फिल्म लावायची असेल, तर ३००० नंबरपर्यंत जाऊन मगच पॉलिश करावे, कारण तिथे खाचा भरून काढणारा जाड थर नसतो. आपण विचारलेल्या पॉलिशचे उत्तर इथे येते: पत्र्याच्या रंगासाठी वापरतात ते चांगल्या प्रतीचे बारीक कंपाउंड आणि मऊ स्पंज पॅड पुरते, त्यासाठी वेगळी महागडी बाटली लागत नाही. मशीनचा वेग मात्र कमी ठेवावा आणि एका जागी थांबू नये. दर थोड्या वेळाने दिव्याला हात लावून पाहावा. हाताला चटका बसण्याइतका तो तापला असेल, तर थांबावे, नाहीतर पृष्ठभाग मऊ होऊन ओढला जातो.

संरक्षणाचे जे चार पर्याय मी वापरतो, त्यांचा माझ्या ग्राहकांच्या गाड्यांवरचा अनुभव असा आहे. नुसत्या पॉलिशवर वॅक्स लावलेले काम सोलापूरच्या उन्हात दोन ते चार महिने टिकते, म्हणजे आपल्याला आला तोच अनुभव. अतिनील किरण अडवणारे सीलंट फडक्याने नीट लावले तर साधारण वर्षभर जाते आणि पुढे दरवर्षी २००० किंवा ३००० चा हलका हात देऊन ते पुन्हा लावता येते. घरी स्वतः काम करणाऱ्यासाठी मी हाच मार्ग सुचवतो. चांगल्या प्रतीचा, अतिनील-रोधक टू-के क्लिअर नीट मारला तर दोन ते तीन उन्हाळे निघतात. पारदर्शक फिल्म त्याहून थोडी अधिक टिकते आणि महामार्गावर उडणारी खडीही झेलते, पण वळणदार दिव्यावर ती सुरकुती न पाडता बसवणे अनुभवी हाताचेच काम आहे. हे सर्व कालावधी गाडी दिवसा उन्हात उभी असते असे धरून दिले आहेत. सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला ते सहज जास्त मिळतात.

आपल्या रोजच्या रात्रीच्या प्रवासाचा विचार करता मी टू-के क्लिअर सुचवेन, मात्र तो रंगकाम करणाऱ्याकडून घ्यावा, घरी मारू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा फुफ्फुसांना कायमची इजा करू शकतो आणि एकदा दमा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. त्याला कापडी मास्क चालत नाही, योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि खेळती हवा लागते. काम देताना कारागिराला तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात: क्लिअर हार्डनर घालून मारणार ना, पहिला हात (थर) अगदी हलका, धुक्यासारखा देणार ना, आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबणार ना. पहिलाच हात ओलाचिंब दिला तर क्लिअरमधले थिनर प्लॅस्टिकला लागून मी वर सांगितलेल्या चिरा पडू शकतात. वेळही महत्त्वाची. मार्च संपता संपता आपल्याकडे पारा चाळिशीकडे जातो आणि दुपारी मारलेला क्लिअर पसरण्याआधीच वाळून संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. उन्हाळ्यात मी ही कामे सकाळी नऊच्या आत संपवतो. काम झाल्यावर गाडी चोवीस तास सावलीत ठेवावी आणि आठवडाभर दिवे धुऊ नयेत.

दिवे बदलावेत की दुरुस्त करावेत, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो आपल्यासमोर येणार आहे. रात्रीच्या तपासणीत आतपर्यंत गेलेल्या चिरा दिसल्या किंवा रिफ्लेक्टर काळवंडलेला असला, तर दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नये, दिवा बदलावा. बदलताना कंपनीचा मूळ दिवा मिळत असेल तर तोच घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डुप्लिकेट दिव्यांपैकी कित्येकांवर संरक्षक थर नावापुरताच असतो, ते दोन-तीन वर्षांत पिवळे पडतात आणि त्यांचा फोकसही विस्कळीत असतो. दिवा नीट असेल तर मात्र दुरुस्ती निश्चित करण्यासारखी आहे. अमेरिकेतील ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली केलेल्या चाचणीत पिवळ्या, धुरकट दिव्यांतून नव्याच्या जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर येत असल्याचे आढळले आणि दुरुस्तीनंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे दुरुस्तीने दिवा नवा होत नाही, पण रस्ता दिसू लागतो. धुरकट दिव्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: जो प्रकाश रस्त्यावर पडत नाही, तो चारी दिशांना विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

उजेड कमी पडतो म्हणून हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम किंचितही हलला की डिपरच्या प्रकाशाची वरची रेषा फुटते, आणि धुरकट काचेमागे तर हा दोष दुप्पट होतो. मागच्या लाल-नारिंगी दिव्यांची काळजी आपण करू नये; ते बहुधा ॲक्रिलिकचे असतात, उन्हाला चांगले टिकतात आणि ओरखडे असतील तर हलक्या पॉलिशनेच सुधारतात.

काम झाल्यावर शेवटची एक गोष्ट करावी लागते आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही: फोकस तपासणे. काच धुरकट असताना प्रकाश इतका पसरलेला असतो की फोकस चुकलेला आहे, हे कळतच नाही. काच स्वच्छ झाली की तो दोष उघडा पडतो. सपाट जमिनीवर भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करावी, टायरमध्ये हवा बरोबर असावी, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवावे आणि दिव्याची उंची बदलण्याचे बटण असेल तर ते शून्यावर ठेवावे. जमिनीपासून बल्बची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. डिपरच्या प्रकाशाची वरची कड त्या रेघेच्या साधारण साडेसात सेंटिमीटर खाली असावी आणि डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसावी, कारण आपण डावीकडून गाडी चालवतो आणि रस्त्याची कड दिसायला हवी असते. दिव्याच्या मागच्या स्क्रूने ती वर-खाली करता येते. कोणतेही चांगले गॅरेज हे काही मिनिटांत करून देते.

मोहोळच्या रस्त्याचा उल्लेख आपण केला, म्हणून ही डावी कड मला विशेष महत्त्वाची वाटते. ऊसतोडणीच्या हंगामात त्या पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्याच्या डाव्या कडेनेच चालतात, अनेकांच्या मागे रिफ्लेक्टर नसतो आणि बाहेर आलेल्या उसाचा रंग अंधारात रस्त्यात मिसळून जातो. डिपरची डावी कड स्वच्छ आणि योग्य उंचीवर असेल, तर ती ट्रॉली आपल्याला ब्रेक लावण्याइतक्या आधी दिसते. म्हणून आपण आजच रात्री पाण्याची आणि तिरप्या नजरेची तपासणी करावी. चिरा नसतील तर हा आठवडा संपण्याआधी सकाळच्या वेळी काम करून घ्यावे. एका दिव्यात चिरा असतील आणि दुसरा चांगला असेल, तर चिरा असलेला बदलावा, चांगला दुरुस्त करावा आणि दोघांचा फोकस एकाच भिंतीवर, एकाच वेळी जुळवून घ्यावा. तोपर्यंत रात्रीचा वेग कमी ठेवावा आणि गाडी दुपारी पश्चिमेकडे तोंड करून उभी करू नये.